बंदिश कुणाची? नाशिकच्या नव्या श्रोत्यासाठी शास्त्रीय संगीताची वाट

दिवाळी पाडव्याच्या पहाटे पिंपळपारावर गाणे ऐकून परतणाऱ्या माणसाशी बोलावे, तर एक वाक्य हमखास कानी पडते: गाणे फार आवडले, पण त्यातले काही कळले नाही. ही तक्रार प्रामाणिक आहे आणि तिच्यावर उपायही आहे. मात्र बहुतेक नवखे श्रोते जो उपाय करतात, तो मला पटत नाही. ते रागांची यादी मिळवतात, थाट, म्हणजे रागांचे गट, पाठ करतात, आरोह-अवरोह वहीत उतरवतात आणि चार महिन्यांनी कंटाळून सोडून देतात. मीही सुरुवातीची काही वर्षे अशाच याद्यांमध्ये घालवली. पुढे एका जाणत्या श्रोत्याने साधा प्रश्न विचारला, "आत्ता ऐकलीस ती बंदिश कुणाची होती?" आणि तिथून माझे ऐकणे बदलले.

राग सहसा कुणा एकाचा नसतो, बंदिश, म्हणजे राग-तालात बसवलेली शब्दरचना, मात्र कुणीतरी बांधलेली असते. त्या माणसाला एखादे नाव होते, एखादा आश्रयदाता किंवा एखादे दैवत होते, बोलण्याची भाषा होती आणि शिकवणारा गुरू होता. बंदिशीच्या रचनाकाराचा माग घेत गेले की घराणी, म्हणजे गायकीच्या परंपरा, राग, ताल, उत्तर आणि दक्षिण ही सगळी प्रकरणे आपोआप जागच्या जागी बसू लागतात. पुढे दिलेल्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. गाणे शिकायचे असो वा नुसते ऐकायचे असो, पहिल्या सहा पायऱ्या दोघांनाही सारख्याच उपयोगी आहेत.

पहिली पायरी: षड्ज आणि सम

पहिले दोन आठवडे कोणताही राग ओळखण्याच्या भानगडीत पडू नये. मोबाइलवर तंबोऱ्याचे ॲप घ्यावे, पहाटे किंवा रात्री घर शांत असताना ते दहा मिनिटे लावावे आणि तंबोऱ्याचा षड्ज, म्हणजे सा, नुसता ऐकावा, जमल्यास त्यात आपला आवाज मिळवावा. पुरुषांचा आवाज बहुधा पेटीच्या पांढरी एक ते काळी दोन या पट्टीत बसतो, स्त्रियांचा काळी तीन ते काळी पाच या दरम्यान. जिथे गळ्याला ताण न पडता खालचा पंचम आणि वरचा षड्ज दोन्ही लागतात, ती आपली पट्टी. तंबोऱ्याच्या चार तारांपैकी पहिली साधारणपणे पंचमात, मधली जोडी मध्य षड्जात आणि शेवटची खर्जात लावतात. ज्या रागात पंचम नसतो, त्यात पहिली तार मध्यमात किंवा निषादात लावली जाते. म्हणून कलावंत तंबोरे लावत असतानाच जाणत्या श्रोत्याला पुढे काय येणार याची थोडी चाहूल लागते.

तालासाठी त्रितालापासून आरंभ करावा. सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा हा ठेका हातावर टाळ्या देत तोंडाने म्हणावा. पहिली मात्रा म्हणजे सम, आणि मैफलीतील अर्धा आनंद या समेवर येण्यात असतो. खालीच्या विभागात डग्ग्याचा घुमारा निघून जातो आणि आवाज पोकळ होतो, हे एकदा कानाला कळले की मोजायची गरज उरत नाही. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालाच्या मात्रा मोजण्याचा प्रयत्न नवख्याने करूच नये. एक आवर्तन मिनिटभर चालू शकते आणि मोजता मोजता गाणे निसटते. त्याऐवजी बंदिशीचा मुखडा, म्हणजे समेकडे घेऊन येणारा सुरुवातीचा तुकडा, लक्षात ठेवावा आणि तो परत कधी येतो याची वाट पाहावी.

दुसरी पायरी: महिनाभर एकच राग

यमन घ्यावा. बहुतेक गुरू आरंभी यमन किंवा भूप शिकवतात, तेव्हा शिकणाऱ्यालाही तो उपयोगी पडेल. यमनमध्ये मध्यम तीव्र, बाकी सगळे स्वर शुद्ध. तो कल्याण थाटातला राग आहे, गाण्याची वेळ रात्रीचा पहिला प्रहर, आणि गांधार व निषाद ही त्याची मुख्य ठाणी. एवढी माहिती पुरे. सायंकाळी दिवेलागणीनंतर आठवड्यातून तीन दिवस एकेक यमन ऐकावा: एकदा ख्याल, म्हणजे आज मैफलीत मुख्यतः ऐकू येणारी गायकी, एकदा सतार किंवा बासरी, एकदा ध्रुपद, म्हणजे त्याआधीची गायकी.

मराठी श्रोत्याजवळ एक आयती शिदोरी आहे, ती म्हणजे नाट्यसंगीत. 'संगीत स्वयंवर' हे नाटक १९१६ साली रंगभूमीवर आले, त्यातील पदांच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या, आणि त्यातले 'नाथ हा माझा' हे पद यमनमधले आहे. आजी-आजोबांच्या तोंडून हे पद ज्याने ऐकले असेल, त्याच्या कानात यमन आधीच येऊन बसलेला असतो, फक्त त्याला नाव मिळालेले नसते. आधी हे पद ऐकावे आणि लगेच यमनमधला एखादा छोटा ख्याल ऐकावा. शब्द बदलले, भाषा मराठीची ब्रज झाली, तरी चालण्याची ढब तीच आहे हे त्या वेळी जे जाणवते, तेच रागाचे ज्ञान. बखलेबुवांनी एकाहून अधिक घराण्यांच्या उस्तादांकडून विद्या घेतली होती आणि तीच त्यांनी नाटकाच्या पदांत उतरवली, त्यामुळे आपल्याकडे ख्यालाची गोडी नाट्यगृहातून थेट माजघरापर्यंत पोहोचली.

पुढच्या महिन्यांत भूप, भीमपलास, बागेश्री, मालकंस अशा रागांपैकी एकेक घेत जावे. घाई करू नये.

तिसरी पायरी: मुद्रा ओळखणे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी' हे शब्द आले की अभंग संपत आला आणि तो कुणाचा हेही कळले, हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. ख्यालाच्या बंदिशीतही हीच रीत आहे. बंदिशीचे दोन भाग असतात, स्थायी आणि अंतरा. रचनाकार आपले टोपणनाव, म्हणजे मुद्रा, बहुधा अंतऱ्यात गुंफतो. ध्रुपदाला स्थायी, अंतरा, संचारी आणि आभोग असे चार भाग असतात आणि मुद्रा सामान्यतः आभोगात येते. तेव्हा गायक अंतऱ्यावर गेला की कान टवकारावेत.

सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारी मुद्रा 'सदारंग' ही आहे. सदारंग म्हणजे नियामतखाँ. ते बीनकार, म्हणजे बीन वाजवणारे, होते आणि १७१९ ते १७४८ या काळात दिल्लीच्या तख्तावर असलेल्या मुहम्मदशहाच्या दरबारी होते. हा बादशहा संगीताचा मोठा शौकीन, म्हणून त्याला 'रंगीले' म्हणत, आणि सदारंगांच्या अनेक बंदिशींत त्यांच्या मुद्रेबरोबर 'महंमदसा' किंवा 'रंगीले' हे त्याचे नावही येते. ध्रुपद ही तोवर दरबारातली प्रतिष्ठेची गायकी होती, आणि ख्यालाला तिच्या बरोबरीचे स्थान मिळवून देण्यात सदारंगांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे. त्यांच्याच परिवारातले फिरोजखाँ 'अदारंग' या मुद्रेने लिहीत. मियाँमल्हारातला 'करीम नाम तेरो' हा बडा, म्हणजे संथ लयीतला, ख्याल पावसाळ्याच्या मैफलीत हमखास होतो. त्याच्या अंतऱ्यात दुःख-दारिद्र्य दूर करून सर्वांना सुख दे, असे मागणे आहे आणि त्या मागण्यापाशीच 'अदारंग' हे नाव येते. आषाढात त्र्यंबकच्या डोंगरावर ढग उतरलेले असताना ही बंदिश ऐकावी. पावसाच्या रागात पावसाचे वर्णन नसून करुणेची याचना आहे, ही गोष्ट मला दर वेळी नव्याने हलवून जाते.

त्याहून मागे गेले की स्वामी हरिदास आणि तानसेन ही नावे येतात. मियाँमल्हार, मियाँकी तोडी ही नावे तानसेनांचीच आठवण सांगतात. तानसेन १५८९ च्या सुमारास निवर्तले, त्यांची कबर ग्वाल्हेरला आहे. अमीर खुसरो (१२५३ ते १३२५) यांच्याकडे परंपरा ख्याल, तराणा आणि कव्वालीचे श्रेय देते, परंतु हे श्रेय मौखिक परंपरेचे आहे, समकालीन लेखी पुराव्याचे नव्हे, आणि या दोहोंतला फरक श्रोत्याने ध्यानात ठेवावा. मुद्रेबाबतही हीच सावधगिरी हवी. नंतरच्या अनेकांनी आपल्या रचनेत आदराने सदारंगांचे नाव घातले, आणि शेकडो सुंदर बंदिशींत कसलीच मुद्रा नाही. म्हणून वहीत लिहिताना 'सदारंगांची बंदिश' असे न लिहिता 'मुद्रा: सदारंग' असे लिहावे.

वहीचा विषय निघालाच आहे, तर ती कशी ठेवावी हेही सांगतो. प्रत्येक ऐकलेल्या रचनेसाठी तारीख, राग, ताल, बंदिशीचे पहिले शब्द, मुद्रा, गायक आणि गायकाचे गुरू एवढे लिहावे. शंभर नोंदी झाल्या की एकच बंदिश तीन घराण्यांत कशी वेगळी उभी राहते ते पानांवरून दिसू लागते. मग ग्वाल्हेर, आग्रा, किराणा, जयपूर-अत्रौली ही नावे परीक्षेच्या पुस्तकातून पाठ करावी लागत नाहीत. ग्वाल्हेरचा गायक बंदिशीचा आराखडा स्वच्छ मांडतो, आग्र्याचा बोलांशी आणि लयीशी झुंजतो, किराण्याचा एकेका स्वरात रेंगाळतो, जयपूरचा अनवट रागांच्या गुंतागुंतीच्या वळणांतून जातो. ही वर्णने ढोबळ आहेत, पण सुरुवातीला पुरतात.

चौथी पायरी: दोन विष्णू आणि स्वरलिपी

बंदिशी उस्तादांच्या घरांत कुलपात असल्यासारख्या होत्या. त्या सर्वांपर्यंत आल्या त्या मुख्यतः दोन मराठी माणसांमुळे, आणि त्या दोघांचेही नाव विष्णू.

विष्णू नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) मुंबईचे, पेशाने वकील. त्यांनी वकिली सोडून देशभर प्रवास केला, १९०४ मध्ये दक्षिणेत जाऊन तिथल्या विद्वानांना भेटले, रागांचे स्वरसंचांनुसार वर्गीकरण करणारी दक्षिणेतील मेलपद्धती अभ्यासली आणि पुढे उत्तरेच्या रागांची दहा थाटांत मांडणी केली. निरनिराळ्या घराण्यांतून गोळा केलेल्या बंदिशी त्यांनी स्वरलिपीसह 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत छापल्या, आणि त्यांचे हे मूळ लेखन मराठीत आहे, ही आपल्या भाषेची मोठी ठेव आहे. ते स्वतःही बंदिशी बांधत. रागाची लक्षणे बंदिशीच्याच शब्दांत सांगणारी त्यांची लक्षणगीते प्रसिद्ध आहेत, आणि त्यांतली 'चतुर' ही मुद्रा त्यांची. नव्या शिकणाऱ्याने प्रत्येक रागाचे लक्षणगीत शोधून वाचावे, रागाचे व्याकरण त्यात गातगात पाठ होते.

दुसरे विष्णू दिगंबर पलुस्कर (१८७२ ते १९३१). ते तर आपल्या नाशिकचेच म्हणायला हवेत. जन्म कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्याच्या दारूने दृष्टी अधू झाली आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी ग्वाल्हेरची गायकी घेतली. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. एखाद्या दरबाराच्या किंवा एकट्या उस्तादाच्या मर्जीवर न अवलंबता, शुल्क भरून, ठरलेल्या अभ्यासक्रमाने कुणालाही गाणे शिकता यावे, ही त्यामागची कल्पना होती. १९०८ साली शाळा मुंबईला आली. उत्तरायुष्यात रामभक्तीची ओढ लागून ते नाशिकला येऊन राहिले आणि इथे त्यांनी रामनाम आधार आश्रम स्थापन केला. त्यांचे पुत्र दत्तात्रेय विष्णू, म्हणजेच बापूराव पलुस्कर, यांचा जन्म १९२१ साली नाशिकमध्येच झाला. वडील गेले तेव्हा बापूराव दहा वर्षांचे होते. वडिलांचेच शिष्य विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी त्यांना तयार केले, आणि अवघ्या चौतिसाव्या वर्षी, १९५५ मध्ये, ते गेले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका छोट्या आहेत, तीन-चार मिनिटांच्या, आणि नवख्या श्रोत्यासाठी त्यांहून चांगला आरंभ मला सुचत नाही. राग, बंदिश, आलाप, ताना, सगळे त्या तीन मिनिटांत स्वच्छ आणि प्रसन्न मांडलेले असते. पंचवटीत इंद्रकुंडाजवळ पलुस्करांच्या नावाचे सभागृह आहे. रामकुंडाकडे जाताना ते वाटेत दिसते, पण ते नाव कुणाचे हे अनेक नाशिककरांना सांगता येत नाही, याची मला खंत वाटते.

आता व्यवहारातली एक अडचण. दोघांनीही आपापली स्वरलिपी बनवली, दोन्ही आजही छापील पुस्तकांत आढळतात, आणि त्यांची चिन्हे काही ठिकाणी एकमेकांशी भांडतात. भातखंडे पद्धतीत स्वरावर टिंब म्हणजे तार (वरचे) सप्तक, पलुस्कर पद्धतीत स्वरावर टिंब म्हणजे मंद्र (खालचे) सप्तक आणि तार सप्तकासाठी उभी रेघ. भातखंडे कोमल स्वराखाली आडवी रेघ देतात, पलुस्कर कोमल स्वराचा पाय मोडतात. भातखंड्यांची सम फुलीने आणि खाली शून्याने दाखवतात, तर पलुस्करांची सम एक या आकड्याने आणि खाली अधिकच्या चिन्हाने. म्हणून पुस्तक हाती घेताच आधी चिन्हांचे पान उघडावे. एका विद्यार्थ्याने सबंध बंदिश खालच्या सप्तकाऐवजी वरच्या सप्तकात बसवलेली मी पाहिली आहे, आणि ती मोडून पुन्हा बसवायला त्याला महिना लागला. १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात जावे, संगीताचे कपाट शोधावे आणि दोन्ही पद्धतींची पुस्तके शेजारी ठेवून एकाच रागाची पाने पाहावीत. अर्ध्या तासात फरक डोळ्यांत बसतो.

पाचवी पायरी: दक्षिणेकडे

हिंदुस्थानी संगीतात रचनाकार अंतऱ्यात दडलेला असतो, तर कर्नाटक संगीतात तोच मधोमध बसलेला असतो. तिथे कार्यक्रमपत्रिकेत रागाच्या आणि तालाच्या बरोबरीने रचनाकाराचे नाव छापतात, आणि रसिक 'आज दीक्षितरांची कोणती कृती (रचना) झाली?' असेच विचारतात. म्हणून रचनाकाराच्या वाटेने निघालेल्या माणसाने दक्षिणेला वळसा घालून जाऊ नये.

आरंभ पुरंदरदासांपासून होतो. सोळाव्या शतकातले हे कन्नड संत. प्राथमिक शिक्षणाचे धडे मायामाळवगौळ रागात, म्हणजे आपल्या भैरवाच्या स्वरांत, बांधण्याचे श्रेय परंपरा त्यांना देते, आणि आजही तिथला प्रत्येक विद्यार्थी तिथूनच सुरुवात करतो. त्यांची मुद्रा 'पुरंदर विठ्ठल'. पंढरीच्या वाटेवर वाढलेल्या आपल्या कानाला ती मुद्रा परकी वाटूच शकत नाही.

त्यानंतर कर्नाटक संगीतातल्या थोर रचनाकारांची त्रिमूर्ती: श्यामा शास्त्री (१७६२ ते १८२७), त्यागराज (१७६७ ते १८४७) आणि मुथुस्वामी दीक्षितर (१७७५ ते १८३५). तिघेही तिरुवारूरला जन्मले आणि तिघांचाही जन्म तंजावरच्या भोसले राजांच्या राज्यात झाला. व्यंकोजीराजांपासून सुरू झालेले हे मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकले. त्यातले तुळजाराजे स्वतः 'संगीतसारामृत' हा ग्रंथ लिहिणारे होते. सरफोजीराजांनी दरबारी बोलावले असता त्यागराजांनी धनापेक्षा रामाची सेवा मोठी म्हणून नकार दिला, अशी कथा तिकडे भक्तिभावाने सांगतात.

मुद्रा इथेही शोधायच्या: त्यागराजांची 'त्यागराज', दीक्षितरांची 'गुरुगुह', श्यामा शास्त्रींची 'श्यामकृष्ण'. कृतीचे भाग पल्लवी, अनुपल्लवी आणि चरणम् असे असतात आणि मुद्रा बहुधा चरणात येते. त्यागराजांची भाषा मुख्यत्वे तेलुगू, दीक्षितरांची संस्कृत. त्यामुळे मराठी श्रोत्याने दीक्षितरांपासून सुरुवात केली तर शब्द लगेच कळतात. त्यांची 'वातापि गणपतिं' ही हंसध्वनी रागातली कृती आधी ऐकावी. सा रे ग प नि, एवढेच स्वर. हा राग दीक्षितरांचे वडील रामस्वामी दीक्षितर यांनी निर्माण केला. पुढे भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ यांनी हा राग उत्तरेत रुजवला आणि त्यात 'लागी लगन पती सखी संग' ही बंदिश बांधली. दोन्ही रचना एकापाठोपाठ ऐकल्या की एकच राग दोन घरांत कसा नांदतो हे दिसते: दक्षिणेत कृतीच्या ओळींना एकामागून एक संगतींचे, म्हणजे त्याच ओळीच्या बदलत्या रूपांचे, साज चढतात आणि मूळ रचना पूर्णपणे मांडली जाते, उत्तरेत चार ओळींच्या बंदिशीचा मुखडा धरून गायक स्वतःचा विस्तार करतो.

दीक्षितर काही वर्षे काशीला राहिले होते आणि उत्तरेचे गाणे त्यांनी तिथे ऐकले. त्यांची 'जंबूपते' ही यमुनाकल्याणीतली कृती ऐकताना दुसऱ्या पायरीवरचा आपला यमन ओळखीचे हसतो. इतर जोड्याही जुळवून पाहाव्यात: भूप आणि मोहनम्, मालकंस आणि हिंदोळम्, आपली भैरवी आणि तिकडची तोडी. स्वर तेच, पण गमकांनी, म्हणजे स्वर हलवण्याच्या ढबीने, चेहरा पालटतो. तालासाठी आदिताल शिकावा. मात्रा आठ: एक टाळी आणि तीन बोटांची मोजणी, मग टाळी आणि पालथा हात असे दोनदा. तिथे श्रोतेच मांडीवर ताल धरतात, त्यामुळे शेजाऱ्याचा हात पाहूनही शिकता येतो.

त्यागराजांच्या पाच रत्नकृती दरवर्षी तिरुवैयारूला कावेरीकाठी पौष वद्य पंचमीला, त्यांच्या पुण्यतिथीला, शेकडो गायक-वादक एकत्र बसून गातात. त्यातली पहिली, नाट रागातली 'जगदानंदकारक', संस्कृतात आहे आणि तिच्यात रामाची नामे ओवली आहेत. याच पंधरवड्यात, पौष वद्य एकादशीला, आपल्या त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या येतात. कावेरीकाठी त्यागराज आणि गोदेच्या उगमाशी वारकरी, जेमतेम आठवड्याच्या अंतराने. त्या दिवसांत सकाळी 'जगदानंदकारक' आणि सायंकाळी निवृत्तिनाथांचे अभंग असा नेम मी धरला आहे आणि नव्या श्रोत्यांनाही तोच सुचवतो.

जाता जाता एक उल्लेख करणे भाग आहे. शब्द आणि सूर दोन्ही स्वतः रचणाऱ्याला आपल्याकडे 'वाग्गेयकार' म्हणतात. त्याची उत्तम, मध्यम, अधम अशी लक्षणे शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' या ग्रंथात दिली आहेत, आणि उत्तर व दक्षिण या दोन्ही परंपरा या ग्रंथाला आपला मानतात. शार्ङ्गदेव देवगिरीच्या यादव सिंघणाच्या पदरी होता. देवगिरीला जाण्यापूर्वी याच यादवांचे ठाणे आपल्या जिल्ह्यातले सिन्नर हे होते. गोंदेश्वराच्या देवळात गेलात तर हे आठवावे.

सहावी पायरी: अलीकडचे बंदिशकार

बंदिशी बांधणे मुघल काळात संपले, असा समज नव्या श्रोत्यांत फार आढळतो. विसाव्या शतकात उत्तम बंदिशी झाल्या. आग्रा घराण्याचे फैयाजखाँ 'प्रेमपिया' आणि त्यांचे सासरे महबूबखाँ 'दरसपिया', विलायत हुसेनखाँ 'प्राणपिया', भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर 'सुजान', अलाहाबादचे रामाश्रय झा 'रामरंग'. जगन्नाथबुवा पुरोहित यांची मुद्रा 'गुणिदास' आहे आणि जोगकंस हा राग त्यांचा. त्यातला 'सुघर बर पाया' हा विलंबित ख्याल आणि 'पीर पराई' ही द्रुत बंदिश त्यांचे शिष्य जितेंद्र अभिषेकी, चिं. रा. व्यास, माणिक वर्मा यांच्या परंपरेतून आपल्यापर्यंत आली आहे. कुमार गंधर्वांनी देवासला राहून माळव्यातल्या लोकधुनांतून राग शोधले आणि नव्या बंदिशी बांधल्या. यांच्या रचनांची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत, म्हणजे रचनाकाराच्या स्वतःच्या गळ्यातून किंवा शिष्याच्या गळ्यातून रचना ऐकण्याची संधी, जी सदारंगांच्या बाबतीत आपल्याला मिळत नाही. ती अवश्य घ्यावी.

सातवी पायरी: गुरू आणि परीक्षा

शिकायचे असेल तर घराजवळचा गुरू पाहावा. इंदिरानगरच्या माणसाने आठवड्यातून दोनदा पंचवटीला जायचे ठरवले तर पावसाळ्यात खाडे होतात आणि शिक्षण तुटते. शिकवणी ठरवण्यापूर्वी एक-दोन तास नुसते बसून ऐकण्याची परवानगी मागावी, चांगले गुरू ती आनंदाने देतात. गुरू तंबोऱ्यावर शिकवतात की केवळ पेटीवर, हे पाहावे. पेटीचे स्वर ठरीव असतात, आणि कान केवळ तिच्यावर तयार झाला तर श्रुतींचे, म्हणजे स्वरांतल्या सूक्ष्म भेदांचे, बारकावे पुढे जड जातात.

पलुस्करांच्या निधनानंतर, १९३१ साली, त्यांच्या शिष्यांनी स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम व पूर्ण, मध्यमा प्रथम व पूर्ण, विशारद आणि अलंकार अशा चढत जातात. परीक्षेमुळे शिस्त लागते हे खरे. पण केवळ परीक्षेपुरते वर्षाला दहा-बारा राग पदरी पाडून पुढच्या वर्षी विसरणे, ही पद्धत मला घातक वाटते. प्रवेशिका होईपर्यंत मुलाला पाच बंदिशी मुद्रेसकट, अर्थासकट आणि तालासकट पक्क्या आल्या तर ते पुष्कळ झाले.

आठवी पायरी: मैफल

कालिदास कलामंदिर, कुसुमाग्रज स्मारक, पलुस्कर सभागृह, दिवाळीतला पिंपळपार, डिसेंबरात पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव: वर्षातून किमान चार मैफली समोर बसून ऐकाव्यात. वेळेआधी पोहोचावे, कारण तंबोरे लागतानाच कान तयार होतो. मध्येच उठायचे असेल तर बंदिश संपेपर्यंत थांबावे. दाद समेवर किंवा सुंदर जागेवर सहज यावी, टाळ्या राग संपल्यावर वाजवाव्यात. बडा ख्याल चालू असताना पहिली दहा मिनिटे काही घडत नाही असे वाटले तरी धीर धरावा. गायक त्या वेळी एकेक स्वर जागेवर ठेवत असतो, आणि पुढच्या ताना त्याच जागांवर उभ्या राहतात.

बंदिशीचे शब्द कळले नाहीत, तर मध्यंतरात किंवा कार्यक्रम संपल्यावर साथीच्या शिष्यांना अदबीने विचारावे: "अंतऱ्यात मुद्रा कोणती होती?" बहुतेक तरुण कलावंतांना हा प्रश्न आवडतो आणि ते पूर्ण बंदिश म्हणून दाखवतात. भैरवी झाली की कार्यक्रम संपतो. तिचेही पहिले शब्द लक्षात ठेवावेत आणि घरी पोहोचल्यावर झोपण्याआधी वही उघडून तारीख, राग, ताल आणि मुद्रा लिहून ठेवावी. मुद्रा सापडली नसेल तर ती जागा कोरी सोडावी. पुढे कधीतरी तीच बंदिश दुसऱ्या कुणाकडून ऐकायला मिळते आणि ती जागा भरते.